इंडस्ट्रियल म्युझिकचा काळोख सर्किटमधून आलाय

प्रति,
संपादक

सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या इतिहासावर पानभर लेख आला होता, त्यावर लिहितोय. मराठी पेपरात या विषयाला अख्खं पान मिळालं याचा आनंदच आहे. क्राफ्टवेर्क या जर्मन ग्रुपपासून सुरू करून आजच्या फेस्टिवलांपर्यंत लेखकाने बरीच मजल मारलीये. पण मधला १९७५ ते ८१ चा काळ, ज्यात इंडस्ट्रियल म्युझिक, म्हणजे यंत्रं, टेप आणि बिघडलेल्या आवाजांतून केलेलं संगीत, जन्माला आलं, तो चार ओळीत उरकलाय आणि त्या चार ओळीत दोन गोष्टी ठोकून दिल्यात, एक म्हणजे हा कम्प्युटरवर तयार केलेला गोंगाट होता आणि दुसरी म्हणजे त्यातला काळोख हा विकृत डोक्यांमधून आला. पहिली गोष्ट सरळसरळ चूक आहे. दुसरीसाठी जरा जागा लागेल, तेवढी द्याल अशी आशा. माझं ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड रिपेअरिंगचं दुकान आहे, ऑर्केस्ट्रावाले आणि भजनी मंडळं हे माझं गिऱ्हाईक, त्यामुळे संगीत कळतं असा दावा नाही, सर्किट कळतं एवढंच.

आधी कम्प्युटरचं बघू. ज्यांच्यामुळे या संगीताला नाव पडलं तो थ्रॉबिंग ग्रिसल हा ग्रुप लंडनमधे १९७५ च्या सप्टेंबरात सुरू झाला. चार माणसं होती, जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुट्टी, पीटर क्रिस्टोफरसन आणि क्रिस कार्टर. त्याआधी जेनेसिस आणि कोझी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या हल नावाच्या बंदराच्या गावात कूम ट्रान्समिशन्स म्हणून एक ग्रुप चालवायचे, रस्त्यावर, गॅलरीत, मिळेल तिथे काहीतरी धक्कादायक करून दाखवायचं असा तो प्रकार. १९७६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत त्यांचं प्रदर्शन लागलं तेव्हा पेपरवाले तुटून पडले आणि निकोलस फेअरबेर्न नावाचे खासदार म्हणाले की हे लोक संस्कृतीची वाट लावणारे आहेत. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने थ्रॉबिंग ग्रिसल लोकांसमोर आलं. हॅकनी भागातल्या मार्टेलो स्ट्रीटवर एका जुन्या फॅक्टरीच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ होता, त्याला तेच डेथ फॅक्टरी म्हणायचे. त्यात कम्प्युटर काय, धड टेपरेकॉर्डर मिळायची मारामार. पहिला एलपी १९७७ चा, त्याच्या सुरुवातीला फक्त ७८५ कॉपी काढल्या होत्या आणि त्यातलं बरंचसं रेकॉर्डिंग साध्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेलं होतं. आज कोणी घरच्या लग्नाचं शूटिंगसुद्धा याहून भारी माईकने करेल.

चौघांपैकी कार्टर हा आमच्या जातकुळीतला. टीव्ही कंपन्यांमधे साउंडची कामं केलेला, लाइट शो उभे करणारा, सिंथेसायझर स्वतः जोडून बनवणारा. त्या काळात इंग्लंडात प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स म्हणून एक मासिक निघायचं, त्यात दर महिन्याला घरी बनवायची सर्किटं छापून यायची. १९७५ साली त्यात रॉय ग्विन यांनी गिटारसाठी एका इफेक्ट युनिटचं डिझाईन दिलं होतं, कार्टरने ते बनवलं, आपल्या मनाने त्यात बदल केले आणि ग्रुपमधे वाटलं. त्याला नाव पडलं ग्रिसलायझर. या डब्यात फार काही नाही हो. एक ऑसिलेटर (आपोआप वरखाली होणारी विजेची लाट काढणारं सर्किट) आहे जो इतका सावकाश हलतो की त्याचा स्वर कानाला ऐकूच येत नाही, सेकंदाला मोजकेच हेलकावे. हा हेलकावा एकतर आवाजाची पातळी वरखाली करतो नाहीतर फिल्टर, म्हणजे आवाजातला काही भाग अडवणारं सर्किट, उघडतो-मिटतो. वर वेग, खोली, बायस असे दोन चार नॉब आणि लाटेचा आकार बदलायचा स्विच, तिरकी लाट, चौकोनी लाट वगैरे. बास. चौकोनी लाट लावली की गिटारचा लांब सूर खटाखट तुकड्यांत कापला जातो, आणि तो बंद-चालू-बंद-चालू ठेका कोणी वाजवत नसतो, तो आपोआप होत राहतो. तुम्ही गिटार वाजवा, कोर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवा, नुसतं बोला, सगळं त्याच एका यंत्राच्या श्वासावर चालतं. यांच्या रेकॉर्डवर जो एक सतत घरघरणारा, दम लागल्यासारखा आवाज आहे ना, त्यातला बराचसा या डब्याचा. मासिकातली डायग्राम, थोडे पार्ट, सोल्डरिंग. विकृतीबिकृती नंतर बघू.

क्रिस्टोफरसनची गोष्ट अजून मजेशीर आहे. हा माणूस दिवसा हिप्नोसिसमधे काम करायचा, म्हणजे पिंक फ्लॉइडची कव्हरं ज्यांनी केली ती डिझाईन कंपनी. स्टेजवर त्याच्यापुढे एक छोटा कीबोर्ड असायचा आणि तो जोडलेला कॅसेट प्लेअरांना. एक पट्टी दाबली की एक कॅसेट ऐकू येणार, रस्त्यावरचा आवाज, टीव्हीवरचं बोलणं, कोणाची तरी चोरून रेकॉर्ड केलेली बडबड. ज्याला नंतर सॅम्पलर म्हणायला लागले आणि ज्याच्यासाठी स्टुडिओंनी एका फ्लॅटच्या किमतीएवढे पैसे मोजले, त्याचा हा गरीब चुलतभाऊ. फरक एवढाच की सॅम्पलरमधे पट्टी दाबली की आवाज दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो, इथे टेप पुढे सरकत राहणार, तुम्ही दाबा नाहीतर दाबू नका, त्यामुळे कधी वाक्याचं शेपूट हातात येणार तर कधी नुसताच श्वास. वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं पुढे काय निघेल. ऐकणारा दचकतो तो यामुळे.

आता त्या काळोखाचं आणि गुंगीचं. मला हे कोणी तरी नीट लिहावं असं फार वर्षं वाटतंय, कारण याला "गूढ", "अघोरी" असली विशेषणं लावून सगळे मोकळे होतात. टेपचा लूप घ्या. टेप कापायची, दोन टोकं चिकटवायची, मशीनवर फिरवत ठेवायची. सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या स्पीडला एक मीटरचा लूप साधारण सव्वापाच सेकंदाचा होतो. दर सव्वापाच सेकंदांनी तोच आवाज, पण अगदी तोच नाही, कारण मोटरचा वेग किंचित डुगडुगतो, जोडावर बारीक टक् होतो, टेप घासते. कान आधी आवाज ऐकतो, मग कंटाळतो, आणि मग त्या बारीक फरकांना चिकटतो आणि तिथून सुटत नाही, गुंगी म्हणतात ती ही. आणि दोन लूप वेगळ्या लांबीचे असले, एक पाच सेकंदाचा आणि एक सातचा, तर ते पस्तीस सेकंदांनी एकदा जुळणार, मधल्या वेळात दर फेरीला नवीनच काहीतरी होत राहतं आणि तुम्ही ते जुळण्याची वाट बघत बसता.

काळोख म्हणजे तर निव्वळ ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा बारीक भाग, गेलेली असते. टेपच्या एको मशीनमधे (आमच्याकडचे जुने ऑर्केस्ट्रावाले आठवत असतील) आवाज टेपवर जातो, पुढच्या हेडवरून उचलला जातो, परत टेपवर जातो. दर फेरीला वरच्या फ्रिक्वेन्सी थोड्या झडतात. पहिला प्रतिध्वनी स्वच्छ, चौथा दबलेला, दहावा म्हणजे भिंतीपलीकडून कोणीतरी काहीतरी बडवतंय असा. कॅसेटवरून कॅसेट करत गेलं की तेच. त्यात स्वस्त ऑसिलेटर गरम झाल्यावर सरकतात, एक ५५ हर्ट्झवर (सेकंदाला ५५ कंपनं) राहिला आणि दुसरा साडेपंचावन्नवर गेला की दर दोन सेकंदांनी एक लाट पोटात जाणवते. गिऱ्हाईक माझ्याकडे कीबोर्ड आणतं तेव्हा तक्रार हीच असते, आवाज डल येतो, हम येतो, पिच हलतो. मी ते काढून देतो आणि पैसे घेतो. यांनी ते सगळं ठेवलं, उलट वाढवलं, आणि त्याचंच संगीत केलं. ज्याने आयुष्यात तानपुऱ्याशेजारी बसून जवारी ऐकलीये त्याला एका सुरात रमणं काय असतं हे वेगळं सांगायला नको, फक्त इथे तानपुरा मुद्दाम बिघडवलेला आहे.

१९७८ च्या एलपीवरचं हॅम्बर्गर लेडी हे त्यांचं सर्वात बदनाम गाणं. भयंकर भाजलेल्या एका बाईबद्दलचा मजकूर, अल ॲकरमन नावाच्या कलाकाराने पाठवलेल्या पत्रातला, तो जेनेसिस एका डळमळणाऱ्या आवाजात वाचतात. नीट ऐकलं तर त्यात किंचाळणं नाही, आदळआपट नाही, ड्रम जवळजवळ नाहीच. खाली एक जाड घोंघाट सावकाश वर जातो आणि खाली येतो, वर मधूनच एक सायरनसारखा सूर, आणि बोलण्यावर इफेक्ट इतका की निम्मे शब्द कळत नाहीत. चार मिनिटांत पुढे काहीच घडत नाही. हॉस्पिटलात रात्रभर जागलेल्या माणसाला हा आवाज ओळखीचा वाटेल, मशीन चालू आहे आणि कोणी येत नाहीये असा. मला ते गाणं आवडतं असं म्हणवत नाही, पण त्याला गोंगाट म्हणणाऱ्याने ते ऐकलेलं नाही एवढं नक्की. आणि याच लोकांनी पुढच्याच वर्षी एलपी काढला त्याचं नाव ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स, कव्हरवर चौघं हिरवळीत छान हसत उभे, आणि जागा कुठली तर बीची हेड, जिथल्या कड्यावरून लोक जीव देतात. आत एक गाणं असं आहे की त्यावर चक्क नाचता येतं, कोझीचा कुजबुजणारा आवाज आणि खाली टिकटिकणारं सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र. कार्टरला आब्बा आवडायचं हो, आधीच्या एलपीवर त्याने आब्बाला सलाम म्हणून एक तुकडाच ठेवलाय. हे लेखकाच्या चौकटीत कुठे बसवायचं?

लेखात शेफिल्डचं नावही नाही. ही चूक मला सर्वात जास्त खटकली. कॅबरे व्हॉल्टेअर हा ग्रुप तिथे १९७३ लाच सुरू झाला होता, म्हणजे लंडनवाल्यांच्या दोन वर्षं आधी. रिचर्ड कर्क, स्टीफन मॅलिंडर आणि क्रिस वॉटसन, यातला वॉटसन टेलिफोन इंजिनीअर. घराच्या माळ्यावर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव, तिथल्या भल्यामोठ्या घणांचे ठोके रात्री अख्ख्या गावाला ऐकू यायचे असं तिथल्या बऱ्याच संगीतकारांनी मुलाखतींमधे सांगितलंय. १९७५ च्या मे महिन्यात यांचा पहिला कार्यक्रम झाला, आयोजकांना वाटलं रॉक बँड आहे. यांनी ठेक्यासाठी काय लावलं तर वाफेच्या घणाचा टेप लूप, आणि कर्क क्लॅरिनेट वाजवतोय त्यावर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. पब्लिक स्टेजवर चढलं आणि मारामारी झाली, मॅलिंडरच्या पाठीला दुखापत झाली. कारखान्याचा आवाज ज्यांच्या उशाशी होता त्यांनाच तो हॉलमधे नको होता, हे मला पटतं खरं सांगायचं तर. दिवसभर घण ऐकून आलेला माणूस संध्याकाळी परत घण कशाला ऐकेल.

पण एक लक्षात घ्या, हे संगीत करणारे कोणी भट्टीवरचे कामगार नव्हते. कामगारांबद्दल किंवा कामगारांसाठी वगैरे लिहिलेली ही गाणी नाहीत, शाहिरी परंपरेशी याची तुलना करायचा मोह टाळलेला बरा. फक्त ज्या हवेत ते वाढले ती हवा त्यात आहे, आणि ती हवा तेव्हा बदलत होती. १९८० च्या जानेवारीत ब्रिटिश स्टील या सरकारी पोलाद कंपनीत संप झाला तो तीन महिने चालला, पुढच्या दोन तीन वर्षांत एकेक कारखाना बंद. हॅडफिल्ड्सचा ईस्ट हेक्ला कारखाना होता त्या जागी १९९० ला मेडोहॉल नावाचा मॉल उघडला. लोअर परळ बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. घणांचे ठोके आता टेपवरच काय ते राहिले.

जर्मनीबद्दल लेखात फक्त क्राफ्टवेर्क आहे. ठीक आहे, जागेची अडचण असते. पण बर्लिनच्या आइनश्टुर्झेंडे नॉयबाउटेन या ग्रुपचं निदान नाव तरी घ्यायचं, १९८० मधे सुरू झाला, पैसे नाहीत म्हणून भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन हेच वाद्य. आयसीएमधेच १९८४ च्या जानेवारीत त्यांच्यातल्या काहींनी असा कार्यक्रम केला की स्टेजच ड्रिलने फोडायला लागले, मग वीज बंद करावी लागली. मला हा प्रकार थोडा नाटकीच वाटतो. त्यांचं नंतरचं शांत काम जास्त चांगलं आहे.

आता विकृतीचं. तिथे लेखकाच्या म्हणण्यात काही अंश आहे आणि तो मी झाकणार नाही. थ्रॉबिंग ग्रिसलने स्वतःची कंपनी काढली, इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स, जिच्यावरून या सगळ्या प्रकाराला नाव पडलं, तिच्या लोगोवर जो फोटो आहे तो आउश्वित्झच्या दहनभट्टीच्या इमारतीचा. सिरियल किलर, छळ, लष्करी कपडे, सगळं त्यात आहे. त्यांचं म्हणणं असं की आधुनिक कारखानदारीचं टोक तेच होतं, लोकांना ते बघायला लावायचं. असेल. पण शेकडो नकली ग्रुपांनी पुढे ते नुसतं फॅशन म्हणून उचललं आणि काहींना तर त्याचं खरंच आकर्षण होतं, त्याची थोडी जबाबदारी पहिल्यांनी फोटो लावला त्यांच्यावर येतेच. शिवाय कोझीने २०१७ च्या आत्मचरित्रात जेनेसिसच्या हिंसक वागण्याबद्दल जे आरोप केलेत, आणि जेनेसिसने जे नाकारले, ते वाचल्यावर स्टेजवरची बंडखोरी आणि घरातलं वागणं याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. माझं म्हणणं एवढंच की हा चित्रांचा आणि शब्दांचा भाग झाला. आवाजाचा काळोख वेगळा आहे. तो डब्यात, टेपमधे, तळघरात आहे आणि तो कोणीही, अगदी सज्जन माणूससुद्धा, तयार करू शकतो.

याचा पुरावा म्हणजे क्रिस वॉटसनच. १९८१ ला तो कॅबरे व्हॉल्टेअर सोडून टाइन टीज टेलिव्हिजनमधे साउंड रेकॉर्डिंगला लागला आणि पुढे डेव्हिड ॲटनबरोंच्या निसर्गावरच्या मालिकांसाठी जगभर फिरून पक्षी, किडे, बर्फ, सगळ्यांचे आवाज त्याने घेतले. २०११ ला त्याने मेक्सिकोतल्या एका बंद पडलेल्या रेल्वेच्या रेकॉर्डिंगचा अल्बम काढला. ऐकून बघा, चाकं, डबे, रुळांचा ठेका, तीच जुनी गुंगी. आणि ती कल्पनाही नवी नव्हती, पॅरिसमधे पिएर शेफरने १९४८ ला रेल्वेच्या आवाजांचाच तुकडा केला होता, तेव्हा तर टेपही हाताशी नव्हती, रेकॉर्डच्या तबकडीवर बंद खाच पाडून तोच आवाज फिरत ठेवायचा.

शेवटी लेखातलं एक वाक्य, की "भारतात या काळात अशा प्रयोगांचा मागमूस नव्हता". इंडस्ट्रियल नव्हतं हे मान्य. पण अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेत १९६९ लाच मूग सिंथेसायझर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तो बसवून दिला, तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा यांनी केलेल्या टेपा २०२३ मधे रेकॉर्ड होऊन बाहेर आल्या. आणि आपल्या मुंबईत चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधे वाजवणारा माणूस, त्याने १९८२ मधे रोलँड कंपनीची टीबी-३०३ (बासचं यंत्र), टीआर-८०८ (ड्रमचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर बसवले. तेव्हा कोणी ढुंकून बघितलं नाही. २०१० ला रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगभरचे डीजे डोक्याला हात लावून बसले, कारण शिकागोतलं असलं संगीत (ॲसिड हाउस) त्याच्या पाच वर्षं नंतरचं. २०१५ ला मुंबईतच गेले ते. मराठी पेपरातल्या इतिहासात त्यांच्यासाठी एक ओळ निघाली असती.

हे पत्र लांबलंय याची कल्पना आहे, हवं तर कापा, पण ग्रिसलायझरचा परिच्छेद ठेवा. आणि पुरवणीत दुसरा भाग येणार असेल तर लेखकाला एक विनंती, हे संगीत मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नये. ५० हर्ट्झच्या आसपासचं काहीही तिथे वाजतच नाही, आणि यातलं निम्मं तिथेच आहे, मग वर उरतो तो खरखराट आणि त्याला गोंगाट म्हणणं साहजिकच आहे. बरे हेडफोन, नाहीतर कोणाच्या तरी घरचे जुने मोठे स्पीकर, आणि आवाज कमी ठेवून.

आपला,
एक वाचक, नाशिक

ता.क. लेखासोबत "इंडस्ट्रियल युगातला सिंथेसायझर" म्हणून जो फोटो छापलाय तो यामाहाचा डीएक्स-७ आहे. तो १९८३ ला बाजारात आला. थ्रॉबिंग ग्रिसलने त्याआधी दोन वर्षं, मे १९८१ मधे, सॅन फ्रान्सिस्कोला त्या काळातला शेवटचा कार्यक्रम करून मिशन संपल्याची पोस्टकार्डं लोकांना पाठवलेली होती. माझ्या दुकानात एक डीएक्स-७ सध्या बॅटरी बदलायला आलेला आहे, लेखकाला बघायचा असेल तर जरूर यावं.